‘आयटिस’ची कुळकथा

अपेंडिसायटिस, हिपॅटायटिस, ब्राँकायटिस, आर्थ्रायटिस. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झालेल्या मुलामुलींना पहिल्या वर्षापासून असे ढीगभर शब्द भेटतात. बारावीपर्यंत मराठीत वाढलेल्या मुलाला ते डोंगराएवढे वाटतात, आणि तो घोकायला बसतो. पण या सगळ्यांचं शेपूट एकच आहे. त्या एका शेपटाचं कूळ समजलं की घोकंपट्टीचं ओझं निम्मं उतरतं.

‘आयटिस म्हणजे दाह’ असं आज शिकवतात, आणि ते बरोबरच आहे. मुळात मात्र या प्रत्ययात दाह नव्हता, सूज नव्हती, आजारही नव्हता. प्राचीन ग्रीकमध्ये ‘इटिस’ हा विशेषण करणारा साधा प्रत्यय होता. त्याचा अर्थ ‘अमक्याचा, अमक्यासंबंधीचा’. ‘आर्थ्रॉन’ म्हणजे सांधा, ‘नोसोस’ म्हणजे रोग. ‘आर्थ्रायटिस नोसोस’ म्हणजे सांध्याचा रोग. ‘नोसोस’ ग्रीकमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून विशेषणही स्त्रीलिंगी झालं. पुढे बोलता बोलता ‘नोसोस’ गळून पडला आणि नुसता ‘आर्थ्रायटिस’ उरला.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. बाह्यरुग्ण विभागात सुनेसोबत आलेल्या आजींना विचारा, काय होतंय? सून सांगते, “त्यांना गुडघ्याचं आहे.” कुणाला मणक्याचं असतं, कुणाला पोटाचं. ‘दुखणं’ हा शब्द कुणीच उच्चारत नाही, तरी तो ‘चं’मध्ये बसलेला असतो. दुखणं नपुंसकलिंगी, म्हणून ‘गुडघ्याचं’. नोसोस स्त्रीलिंगी, म्हणून ‘इटिस’. नाम गाळून विशेषणावर काम भागवण्याची रीत तीच.

या प्रत्ययाचा पुल्लिंगी भाऊही आहे, ‘इटेस’. ग्रीकमध्ये दगडाला ‘लिथोस’ म्हणत, आणि तो पुल्लिंगी. रक्तासारख्या लाल दगडाला त्यांनी ‘हायमाटिटेस लिथोस’ म्हटलं. तोच आजचा हेमॅटाइट. ‘हायमा’ म्हणजे रक्त. हिमोग्लोबिन, ॲनिमिया, हिमॅटॉलॉजी ही सगळी त्याच घरातली मंडळी.

मग या शेपटात दाह शिरला कधी? दाहाची ओळख वैद्यांना फार जुनी. रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकात त्याची चार लक्षणं नोंदवली: लाली, सूज, उष्णता, वेदना. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सतरावा अध्याय, आमपक्वैषणीय, सूज कच्ची आहे, पिकते आहे की पिकली आहे, हे कसं ओळखायचं ते सांगतो. शस्त्र कधी लावायचं हे त्यावर ठरे. लॅटिन ‘इन्फ्लमातियो’, अरबी ‘इल्तिहाब’ आणि आपला ‘दाह’ या तिन्ही शब्दांत आग आहे. अरबी शब्दही इथे परका नाही: निजामाच्या राज्यात अंबाजोगाई मोमिनाबाद होतं, त्या काळात हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने वैद्यकही उर्दूतून शिकवलं. तिथल्या परिभाषेची मुळं बहुतांशी अरबी-फारसीत होती. मराठीत ‘दाह’ आणि ‘शोथ’ दोन्ही चालतात. एकाचा भर आगीवर, दुसऱ्याचा सुजेवर.

‘आयटिस’वर दाहाचा पक्का शिक्का बसला तो अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत. फ्रान्समध्ये बुआसिए द सोवाज आणि एडिनबरोत विल्यम कलेन यांनी रोगांची वर्गवारी मांडली. त्यानंतर पॅरिसच्या झाविए बिशाने शवविच्छेदन करून दाखवलं की रोग अख्ख्या अवयवात नव्हे, त्याच्या एकेका ऊतीत, पापुद्र्यात घर करतो. मग प्रत्येक पापुद्र्याच्या दाहाला वेगळं नाव लागू लागलं, आणि हाताशी आयता प्रत्यय होता. 1808 मध्ये चार्ल्स बॅडमने ‘ब्राँकायटिस’ रूढ केला. 1886 मध्ये बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झने ‘अपेंडिसायटिस’ मांडला. धड लॅटिन आणि शेपूट ग्रीक, म्हणून भाषेचे जाणकार नाराज झाले, पण शब्द टिकला. कारण त्यामुळे दुखण्याचा उगम नेमका आंत्रपुच्छात आहे हे नावातच आलं, आणि वेळेवर शस्त्रक्रिया करायची दिशा मिळाली. 1902 मध्ये ब्रिटनचे राजे सातवे एडवर्ड यांचा राज्याभिषेक याच दुखण्यामुळे पुढे ढकलावा लागला आणि शब्द घरोघर पोचला.

आता शिकायची रीत. शब्द मागून वाचायचा. गॅस्ट्रोएन्टरायटिस घ्या. शेवटी ‘आयटिस’, म्हणजे दाह. त्याआधी ‘एन्टर’, म्हणजे आतडं. त्याआधी ‘गॅस्ट्र’, म्हणजे जठर. मधला ‘ओ’ नुसता सांधा. शाळेत तत्पुरुष समास शिकलेल्या मुलाला हे नवीन नाही. तिथेही शेवटचं पद प्रधान असतं आणि विग्रह तिथूनच उलगडतो. ‘एक्टमी’ म्हणजे कापून बाहेर काढणं, ‘आल्जिया’ म्हणजे वेदना, ‘युरिया’ म्हणजे लघवीशी संबंधित, ‘ओमा’ म्हणजे बहुधा गाठ. असे काही तुकडे आणि अवयवांची नावं पाठ झाली की शेकडो शब्द आपोआप उकलतात.

2019 पासून एमबीबीएसच्या सुरुवातीला फाउंडेशन कोर्स असतो. त्यात स्थानिक भाषेलाही जागा आहे. मला मनापासून वाटतं, शब्दांच्या या कुळकथा त्याच कोर्समध्ये, मराठीतून, सांगायला हव्यात. मराठीत वेदान्त सांगणाऱ्या कवी मुकुंदराजांची समाधी असलेल्या या गावात अवघड विषय मराठीत सांगण्याचं कुणाला वावडं असू नये. खेड्यापाड्यातल्या मुलांना डॉक्टर करण्यासाठी काढलेल्या महाविद्यालयाला तर हे काम शोभूनच दिसेल.

या कुळकथेतून एक सावधगिरीही शिकता येते. ‘आयटिस’ लागलेलं नाव जागा सांगतं, फार तर तिथे दाह आहे हे सांगतं. तो का झाला, हे सांगत नाही. हिपॅटायटिस विषाणूने होतो, दारूने होतो, एखाद्या औषधानेही होतो. नाव एकच, उपचार वेगळे. म्हणून केसपेपरवर ‘आयटिस’ लिहिल्यावर विद्यार्थ्याने लगेच पुढचा प्रश्न विचारायला हवा: कशामुळे? खरं निदान त्या उत्तरात असतं.