लपलेल्या वस्तूंचा खेळ आणि फावला वेळ



वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय निघाला की लढाया, तह आणि वंशावळी ऐकायला मिळतील अशी आपली अपेक्षा असते. फलटण हे तर निंबाळकरांचे गाव आणि सईबाईंचे माहेर; इथे ती अपेक्षा अधिकच रास्त. परंतु माझे आयुष्य कामगारांत गेले. मला ठाऊक असलेला इतिहास मुख्यतः तासांचा आहे. माणसाने किती तास राबावे, किती तास झोपावे आणि उरलेल्या तासांवर कोणाची सत्ता असावी, हा त्या इतिहासातील मुख्य तंटा. आज त्या उरलेल्या तासांतील एका क्षुल्लक वाटणाऱ्या खेळाची हकिगत मी आपणापुढे मांडणार आहे.

हा खेळ आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मोबाईलवर किंवा संगणकावर चालतो. पडद्यावर एक गजबजलेली खोली दिसते. कुठे खून झालेला असतो, कुठे दागिना चोरीस गेलेला असतो. खाली वस्तूंची यादी असते: कात्री, किल्ली, तुटका चष्मा, पत्र. त्या पसाऱ्यातून एकेक वस्तू हुडकून तिच्यावर बोट ठेवायचे. यादी संपली की एखादा पुरावा हाती लागतो आणि तपास एक पाऊल पुढे सरकतो. ना धावपळ, ना मारामारी. नजर तेवढी शाबूत हवी.

वरवर पाहता हे नवे खूळ आहे. मूळ मात्र बरेच जुने. एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाने १८४१ साली आधुनिक हेरकथेचा पाया घातला. त्याच्या १८४४ च्या एका कथेत चोरलेले पत्र पोलीस घराचा कोपरान् कोपरा उचकटून शोधतात, आणि ते असते सर्वांच्या डोळ्यांपुढे, साध्या कागदांच्या घडवंचीत. त्याच कथेत नकाशावरच्या एका खेळाचे वर्णन आहे. एकाने नाव सांगायचे, दुसऱ्याने ते नकाशात शोधायचे. नवखा खेळाडू बारीक अक्षरांतले नाव देतो; मुरलेला मात्र नकाशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेले मोठे नाव देतो, कारण तेच नजरेतून निसटते. आजच्या खेळाचे सारे मर्म या एका गोष्टीत आले.

दुसरा धागा आपल्या देशातला. किपलिंगच्या १९०१ सालच्या ‘किम’ कादंबरीत सिमल्याच्या एका दुकानात पोरांपुढे तबकात खडे मांडतात, क्षणभर पाहू देतात, मग झाकतात आणि काय काय होते ते विचारतात. इंग्रज सरकारसाठी हेर तयार करण्याची ती शाळा होती. १९०८ साली बेडन-पॉवेलने बालवीरांच्या पुस्तकात हाच खेळ घेतला आणि तो जगभरच्या पोरांचा झाला. एकाचे कष्टाचे काम दुसऱ्याची करमणूक कशी बनते, त्याचा हा एक नमुना.

मराठी मुलखात ही हौस पुरवली ती रहस्यकथांनी. बाबूराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि धनंजय ही नावे ज्यांनी कधी साहित्यसंमेलनाचा मांडव पाहिला नाही अशा माणसांनाही पाठ होती. विद्वानांनी या पुस्तकांकडे नाक मुरडून पाहिले. परंतु दिवसभर साच्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला वाचनाची गोडी लावण्याचे काम या पातळ पुस्तकांनी केले. त्यांचा व्यवहारही सरळ होता. वाचनालयाची वर्गणी एकदा भरली की पुस्तक पुन्हा काही मागत नसे. चोर सापडला की ते मिटायचे आणि झोपायचे.

ज्या वेळेत ती वाचली गेली, तो वेळ कोणी दान दिलेला नव्हता. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांची सभा भरवली. आठवड्यातून एक दिवस सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती या तेथल्या प्रमुख मागण्या होत्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांनी अर्जावर सह्या केल्या. सहा वर्षे झगडल्यावर, १० जून १८९० रोजी, गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १९२२ साली आठवड्याला ६० तास, १९३४ साली ५४ तास आणि १९४६ साली ४८ तास, अशी कामाची मर्यादा कायद्याने खाली आली. आपण ज्याला ‘फावला वेळ’ म्हणतो त्याला अशी जन्मतारीख आहे.

आणि वेळ मोकळा झाला की त्याला गिऱ्हाईक येतेच. स्वातंत्र्याच्या आगेमागे शब्दकोड्यांच्या बक्षिसी स्पर्धांचे पेव फुटले. प्रत्येक तक्त्यामागे प्रवेश फी, आणि मोठ्या बक्षिसाचे आमिष. मुंबई राज्याने १९४८ साली आणि केंद्र सरकारने १९५५ साली कायदा करून त्यांना लगाम घातला. केंद्राच्या कायद्याने महिन्याला हजार रुपयांवर बक्षीस आणि एका स्पर्धेस दोन हजारांवर प्रवेशिका यांना बंदी केली. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणी कौशल्याचा खेळ निराळा आणि नशिबाचा जुगार निराळा, असा भेद स्पष्ट केला.

आता संगणकाकडे वळू. १९८० साली अमेरिकेत केन आणि रॉबर्टा विल्यम्स या दांपत्याने ‘मिस्टरी हाऊस’ हा खेळ काढला. त्यात बंद घरातील खुनाचा छडा लावायचा होता. वस्तू हुडकण्याच्या खेळाला खरा बहर आला तो २००५ साली, सिॲटलच्या ‘बिग फिश’ कंपनीच्या ‘मिस्टरी केस फाइल्स : हंट्सव्हिल’ या खेळाने. खेळणाऱ्यांत प्रौढ स्त्रियांचा भरणा मोठा होता. घरचे आटोपून अर्धा तास आपला म्हणून बसणाऱ्या या बायका. तासभर फुकट खेळून पाहा, आवडला तर एकदाच किंमत मोजा, असा तो सौदा होता. वाचनालयाच्या वर्गणीशी त्याचे नाते जुळत होते.

२०१२ साली पॅरिसच्या एका कंपनीने ‘क्रिमिनल केस’ हा खेळ फेसबुकवर आणला आणि सौदा पालटला. खेळ फुकट; मात्र प्रत्येक खोलीत शिरायला थोडी ‘शक्ती’ खर्च होते. ती संपली की थांबा, पैसे द्या, मित्रांकडे मागा किंवा जाहिरात बघा. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले आणि असले खेळ आपल्या तालुक्यातील वाड्यावस्त्यांवर पोचले. मला यात जुनी ओळख पटते. गिरणीचा भोंगा कामगाराला कामावर बोलावीत असे. आता ‘तुमची शक्ती भरली आहे’ असे सांगत मोबाईल त्याला खेळावर बोलावतो. फुकट खेळणाऱ्याकडून पैसा घेत नाहीत, त्याची घटका घेतात, आणि ती जाहिरातदाराला विकतात.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग हा खेळ टाकूनच द्यावा. मी तसे म्हणणार नाही. आमच्या भागातील एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काम करणाऱ्या मुली जेवणाच्या सुट्टीत हाच खेळ खेळताना मी पाहिल्या आहेत. पाळीभर सुटे भाग न्याहाळायचे आणि सुट्टीत पुन्हा न्याहाळायचेच? एकीला विचारले, तर ती हसून म्हणाली, “काका, तिथे चूक सापडली की वर प्रश्न विचारतात. इथे सापडलं की शाबासकी मिळते.” या उत्तरात एक अर्थशास्त्र आहे. नजरेच्या कष्टाला मान मिळावा ही भूक कारखान्यात भागत नाही, म्हणून ती खेळात भागवावी लागते. दोष त्या मुलीच्या बोटात नाही.

२०२५ च्या ऑगस्टात संसदेने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात कौशल्य आणि नशीब असा भेदही ठेवला नाही. लपलेल्या वस्तूंचा खेळ या बंदीबाहेर आहे, आणि ते योग्यच, कारण त्यात पैसा जिंकता येत नाही. परंतु १९५५ चा कायदा काय किंवा २०२५ चा काय, दोन्ही खिशातल्या पैशावर पहारा ठेवतात. तासांवर पहारा कोणी ठेवावा? त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्याच्या बदलास मान्यता दिली. एका बाजूने कामाचे तास लांबणार, दुसऱ्या बाजूने उरलेल्या तासांचे तुकडे जाहिरातीत जाणार. मध्ये जे शिल्लक राहील, त्यातच संसार, झोप, मुलांचा अभ्यास आणि असली व्याख्याने बसवायची आहेत.

तेव्हा माझे सांगणे थोडके आहे. खेळावे, मनसोक्त खेळावे. पण बोलावणे आपण आपल्याला धाडावे, दुसऱ्याच्या भोंग्यावर उठू नये. आणि कामाच्या तासांविषयी कोणताही बदल येईल तेव्हा तो बारीक अक्षरांत शोधत बसू नये. नकाशाच्या त्या खेळाप्रमाणे, जे सर्वांत मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते तेच पुष्कळदा आपल्या नजरेतून निसटते.