रोमन मद्यकुंभ, महाराष्ट्रातील

रोमन मद्यकुंभ, महाराष्ट्रातील : भूमध्य सागरी देशांतून मद्य, ऑलिव्हचे तेल इ. पदार्थ जहाजाने नेण्यासाठी वापरीत असलेल्या, दोन कानांच्या व निमुळत्या बुडाच्या मातीच्या उंच कुंभांस ॲम्फोरा म्हणतात. पश्चिम भारतातील उत्खननांत त्यांची खापरे मिळाली आणि सातवाहनकालीन महाराष्ट्राच्या रोमन साम्राज्याशी असलेल्या व्यापाराचा तो ठळक पुरावा मानला गेला. मात्र यांपैकी सर्वच खापरे रोमन नाहीत, असे पुढील संशोधनातून दिसून आले. त्यामुळे हा पुरावा नव्याने तपासणे आवश्यक ठरले.

या व्यापारास लिखित आधार आहे. इ. स. पहिल्या शतकात ईजिप्तमधील एका ग्रीकभाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या पेरिप्लस या ग्रंथात बॅरिगाझा (भडोच), सुप्पारा (सोपारा) व कॅलिएना (कल्याण) या बंदरांचे उल्लेख आहेत. बॅरिगाझा येथे येणाऱ्या मालात मद्य होते. त्यात इटलीच्या मद्याला विशेष पसंती असे, लाओडिसीया व अरबस्तान येथील मद्यही येई. या वर्णनामुळे निमुळत्या बुडाचे कोणतेही जाड खापर रोमन मद्यकुंभाचे समजण्याकडे अभ्यासकांचा कल झाला.

प्रवरा नदीकाठच्या नेवासे येथे डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४–५६ मध्ये उत्खनन केले. तेथील इ. स. पू. ५० ते इ. स. २०० या कालखंडाला ‘इंडो-रोमन’ असेच नाव देण्यात आले. नेवाशाची खापरे पुढे परीक्षेस उतरली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांतील पुष्कळशी इटलीच्या कँपेनिया भागातील असल्याचे दिसून आले. त्यांच्या मातीत ज्वालामुखीजन्य काळ्या वाळूचे कण आढळले. समुद्रापासून दूरच्या या नगरात इटलीचे मद्य पोहोचत होते, हे त्यामुळे निश्चित झाले.

किनाऱ्यावरील पुराव्याचे स्वरूप वेगळे आहे. रॉबर्टा टोंबर यांनी भारतातील अशा खापरांची पाहणी करून २००७ मध्ये असे दाखविले, की पश्चिम भारतात रोमन म्हणून नोंदविलेली अनेक खापरे वस्तुतः ‘टॉर्पेडो’ कुंभांची आहेत. हे कुंभ मेसोपोटेमिया व इराणी आखाताच्या परिसरातील असून सासानी व आरंभीच्या इस्लामी काळात प्रचारात होते. त्यांना कान नसतात, मान जवळजवळ नसते आणि आतून नैसर्गिक डांबराचा लेप असतो. रोमन कुंभांना आतून राळेचा लेप देत. दोन्ही लेप काळपट दिसत असल्याने केवळ बुडाच्या तुकड्यावरून गफलत होणे स्वाभाविक होते. रासायनिक पृथक्करणाने मात्र राळ व डांबर यांतील फरक स्पष्ट होतो.

हा केवळ नावाचा प्रश्न नाही. खापर रोमन मानले, की ते ज्या थरात सापडले तो थर इ. स. पहिल्या-दुसऱ्या शतकातील ठरतो. तेच खापर टॉर्पेडो कुंभाचे असेल, तर तो थर काही शतकांनी अलीकडे येतो. रोमन व्यापाराच्या ऱ्हासाला नगरांच्या अवनतीच्या कारणांत स्थान देणारे रामशरण शर्मा यांचे विवेचन १९८७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. किनाऱ्यावरील सागरी व्यापार त्यानंतरही इराणी आखाताशी चालू होता, असे टॉर्पेडो कुंभ सुचवितात. तथापि यावरून अंतर्भागातील नगरे भरभराटीत राहिली, असा निष्कर्ष काढता येत नाही. नेवासे येथे इ. स. २०० नंतर वस्तीत दीर्घ खंड पडलेला दिसतो.

व्यापाराच्या दुसऱ्या टोकालाही असाच फेरविचार झाला. ईजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील कुसैर अल्-कदीम हे स्थळ पूर्वी ल्यूकॉस लिमेन हे बंदर मानले जाई. तेथे १९९९–२००३ मध्ये झालेल्या उत्खननात सापडलेल्या लेखयुक्त खापरांवरून ते मायॉस हॉर्मॉस हे बंदर असल्याचे मान्य झाले. तेथून दक्षिणेकडील बेरेनाइके बंदरात भारतीय बनावटीच्या कुंभात सु. ७.५ किग्रॅ. काळी मिरी सापडली. तिथे कुंभ भारतीय आणि नेवाशाला इटालियन. दोन्ही ठिकाणी पुराव्याला बळ मिळाले ते वस्तूची माती तपासल्यामुळे व तिचा संदर्भ नोंदल्यामुळे. संग्रहालयांतील जुन्या उत्खननांची खापरे याच कसोट्यांवर पुन्हा पाहिल्याखेरीज महाराष्ट्राच्या प्राचीन सागरी व्यापाराचा कालपट निश्चित करता येणार नाही.