अमेरिकी चित्रपटांचे रसग्रहण (१९७०–८०)

चौकट, प्रकाश, संकलन व ध्वनी यांतून चित्रपटाचा अर्थ कसा घडतो हे ओळखत तो पाहण्याच्या अभ्यासाला रसग्रहण किंवा रसास्वाद म्हणतात. महाराष्ट्रात या अभ्यासाचा पाया पुण्यात घातला गेला. तेथील चित्रपट संस्थेत सतीश बहादूर १९६३ पासून हा विषय शिकवू लागले आणि १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे अभ्यासासाठी प्रती हाताशी आल्या. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्यांनी, म्हणजे सभासदांपुरते खेळ लावणाऱ्या संस्थांनी, हीच दृष्टी रुजवली. मात्र ही अभिरुची घडली ती राय, बर्गमन, त्रुफो या दिग्दर्शकांच्या चित्रपटांवर. अमेरिकी चित्रपट म्हणजे धंदेवाईक करमणूक, हा समज बराच काळ टिकला आणि त्याने प्रेक्षकांचे नुकसानच केले.

त्यात १९७१ मध्ये अमेरिकी निर्मात्यांच्या निर्यात संघटनेचा भारत सरकारशी असलेला करार संपला आणि १९७५ मध्ये नवा करार होईपर्यंत आयात रोडावली. नेमक्या याच वर्षांत तिकडे, पडद्यावर काय दाखवावे हे ठरवणारी हॉलिवूडची जुनी नीतिसंहिता १९६८ मध्ये मोडीत निघाल्यानंतर आणि व्हिएतनाम युद्ध व वॉटरगेट प्रकरणाने सत्तेवरचा विश्वास डळमळल्यावर, कोपोला, ऑल्टमन, स्कॉर्सेसी आदी दिग्दर्शक पराभूत नायकाचे आणि संदिग्ध शेवटाचे चित्रपट करत होते.

हे चित्रपट पाहताना मराठी प्रेक्षकाला काही सवयी मोडाव्या लागतात. ‘द गॉडफादर’मध्ये (१९७२) छायालेखक गॉर्डन विलिस यांनी प्रकाश डोक्यावरून सोडून मार्लन ब्रँडो यांचे डोळे सावलीत ठेवले आहेत. नटाचा चेहरा उजळ दिसलाच पाहिजे असे मानणाऱ्याला तो दोष वाटतो; वस्तुतः पात्राच्या मनाचा थांग लागू न देणे हाच या प्रकाशयोजनेचा हेतू आहे. ऑल्टमन यांच्या ‘नॅशव्हिल’मध्ये (१९७५) अनेक पात्रे एकाच वेळी बोलतात; थिएटरात उपशीर्षकांविना हा गलबला पेलणे अवघड होते, ती अडचण पुढे डीव्हीडीने दूर केली.

सर्वांत बोलके उदाहरण ‘द कॉन्व्हर्सेशन’चे (१९७४) आहे. जीन हॅकमन यांनी साकारलेला चोरून संभाषणे टिपणारा तंत्रज्ञ सॅन फ्रान्सिस्कोतील चौकात फिरणाऱ्या जोडप्याचे बोलणे ध्वनिमुद्रित करतो व पुन्हापुन्हा ऐकतो. त्यातील एका वाक्याचा आघात अखेरीस दुसऱ्याच शब्दावर ऐकू येतो आणि बळी कोण व मारेकरी कोण, हा त्याचा समज उलटा होतो. वॉल्टर मर्च यांचे हे ध्वनिसंकलन कथेला पूरक नाही, तीच कथा आहे. म्हणून नवख्या अभ्यासकाने आरंभ ‘द गॉडफादर’ऐवजी या चित्रपटापासून करावा, आणि तो हेडफोन लावून पाहावा.