मॅकॅडरी हायस्कूलचा बो जॅक्सन

* 'मॅकॅडरीचा तो पोरगा' : लेखातल्या या शब्दांचा रोख व्हिन्सेंट 'बो' जॅक्सन (जन्म १९६२, बेसेमर, अलाबामा) याच्याकडे. अमेरिकी शाळांत खेळ हंगामानुसार वाटलेले असतात : शरदात त्यांचा फुटबॉल, थंडीत बास्केटबॉल, वसंतात बेसबॉल आणि मैदानी स्पर्धा. त्यामुळे एकाच मुलाने दोन-तीन संघांतून खेळणे तिकडे नवलाचे नाही. बोची अडचण वसंताची. बेसबॉल आणि मैदानी स्पर्धा एकाच वेळी येत, म्हणून तो बेसबॉलचे काही सामने बुडवी; तरी शेवटच्या वर्षी २५ सामन्यांत त्याने २० होमरन मारले. डेकॅथलॉनचे राज्य विजेतेपद त्याने दोनदा मिळवले. त्यातल्या शेवटच्या १५०० मीटर शर्यतीचा त्याला मनस्वी कंटाळा. आधीच्या नऊ प्रकारांतच तो एवढे गुण खिशात घाली की ती पळण्याची गरजच उरत नसे. (लेखक याला 'आळस' म्हणतात. आम्हाला तो चोख हिशेब वाटतो.) १९८२ मध्ये न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाने त्याची निवड केली, पण आईला दिलेल्या शब्दाखातर तो ऑबर्न विद्यापीठात गेला. तिथे १९८५ ची हाइझमन ट्रॉफी (महाविद्यालयीन फुटबॉलमधला सर्वोच्च मान) मिळाली. पुढे बेसबॉल आणि फुटबॉल या दोन्ही व्यावसायिक लीगमध्ये ऑल-स्टार ठरलेला तो पहिलाच खेळाडू. जानेवारी १९९१ मध्ये खुब्याला झालेल्या दुखापतीने त्याचा फुटबॉल संपला. बेसबॉल मात्र कृत्रिम खुबा बसवून तो १९९४ पर्यंत खेळला. – संपा.