अर्धवट बसलेलं: युनिक्समधल्या एका कामाचा इतिहास

मंडळी, आज एक साधा दिसणारा प्रश्न घेऊ. संगणकावर सॉफ्टवेअर बसवायला घेतलं आणि आपण उठून गेलो, तर ते काम आता कुणाचं? आणि कुठवर आलंय, हे कुणाला विचारायचं?

युनिक्सची सुरुवात १९६९ साली बेल लॅब्जमध्ये झाली. त्या काळात टर्मिनल पुष्कळदा टेलिफोनच्या तारेवरून जोडलेलं असे. तार तुटली की यंत्रणा त्या टर्मिनलवरून चाललेल्या प्रोग्रॅमना एक संदेश पाठवी, आणि तो मिळाला की ते सहसा बंद पडत. संदेशाचं नाव ‘हँगअप’. फोन ठेवला की काम मेलं! त्यावर ‘नोहप’ ही आज्ञा आली. काम जिवंत राही, त्याचं बोलणं एका फाइलमध्ये जमा होई, आणि आपण ती फाइल वाचत बसायचं.

पण बसवणं म्हणजे काय, तर फाइली एकामागून एक जागेवर नेऊन ठेवणं. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली लिहिलेल्या ‘मेक’मधून हे काम होई, मात्र त्याची नोंदवही नव्हती. मध्येच थांबलं तर निम्म्या फाइली नव्या, निम्म्या जुन्या. ‘पीएस’ला विचारलं तर प्रोग्रॅम चालू आहे की नाही एवढंच कळे.

पुढे ऑस्ट्रियातल्या एका संशोधन संस्थेत जिम कल्प यांनी ‘जॉब कंट्रोल’ तयार केलं, आणि बर्कलीच्या १९८० च्या आवृत्तीतून ते पसरलं. कंट्रोल-झेड दाबून काम थांबवा, ‘बीजी’ म्हणून मागे ढकला, ‘एफजी’ म्हणून पुढे आणा. सुरेख सोय. पण बघा हं, ‘जॉब्ज’ ही यादी त्या एका शेलची असते. दुसऱ्या टर्मिनलवरून आत आलात तर यादी कोरी. काम अजून करणाऱ्याच्या खुर्चीलाच बांधलेलं होतं.

ही गाठ सोडवली ती, आमच्या मते, ह्यूलेट-पॅकार्डच्या ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूटर’ने, त्यातलं बरंचसं १९९५ च्या पॉसिक्स मानकातही गेलं. इथे ‘एसडब्ल्यू-इन्स्टॉल’ अशी आज्ञा दिली की आधी तपासणी होते: डिस्कवर जागा आहे का, लागणारं दुसरं सॉफ्टवेअर आहे का. मगच फाइली चढतात. आणि ते चढवणं आपण करत नाही. ज्या यंत्रावर बसवायचं तिथला एक ‘एजंट’ करतो. कामाला क्रमांक मिळतो, यंत्राचं नाव आणि पुढे चार आकडे. मग कुठूनही ‘एसडब्ल्यू-जॉब’ म्हणा, क्रमांक सांगा, त्या एजंटची वही उघडून वाचा.

आणखी एक गोष्ट झाली, आणि आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना ती फार मोलाची वाटते. न्यायदर्शनात मडकं तयार होईपर्यंत त्याचा प्रागभाव असतो, फुटल्यावर प्रध्वंसाभाव. चाकावरचं अर्धं मडकं प्रागभावातच जमा. यंत्र सांभाळणाऱ्याचं असं मानून भागत नाही, कारण अर्धवट बसलेलं सॉफ्टवेअर ‘नाही’ असं नसतं. ते असतं आणि बिघडवतं. म्हणून इथे चढत असलेल्या संचाला ‘ट्रान्झिअंट’ म्हणतात, चढवताना फसलेल्याला ‘करप्ट’. आणि ‘इन्स्टॉल्ड’ झालेलं म्हणजे ‘कॉन्फिगर्ड’ झालेलं, असंही नाही.

डेबियनच्या ‘डीपीकेजी’त हेच आणखी बारकाईने आहे: अर्धं बसलेलं, उलगडलेलं, अर्धं जुळवलेलं, प्रत्येकाला वेगळा शब्द, आणि तो शब्द डिस्कवर लिहून ठेवलेला. मधेच वीज गेली, तर पुढच्या खेपेला ‘ॲप्ट’ नवं काही बसवायला नकार देतं. काम मध्ये तुटलंय, आधी ‘डीपीकेजी’ची अमुक आज्ञा चालवा, असं ते आज्ञेच्या शब्दांसकट सांगतं.