‘डिप्लोमसी’ : शब्दाच्या भरवशावर मांडलेला पट

बुद्धिबळात प्रतिस्पर्ध्याशी बोलावे लागत नाही आणि सारीपाटात अपयशाचे खापर फाशांवर फोडता येते. ‘डिप्लोमसी’ या खेळात यांपैकी कोणतीच सोय नाही. सात खेळाडू, १९०१ सालच्या युरोपचा नकाशा आणि प्रत्येक चालीपूर्वी कोपऱ्याकोपऱ्यात रंगणारी खलबते, एवढ्यावर सारा डाव चालतो.

अमेरिकेतील ॲलन कॅलहॅमर यांनी १९५४ मध्ये या खेळाची मांडणी केली. हार्वर्ड विद्यापीठात शिकत असताना पहिल्या महायुद्धाच्या कारणांचा शोध घेणारा सिडने फे यांचा ग्रंथ त्यांनी वाचला होता. मोठ्या कंपन्यांनी नकार दिल्यावर १९५९ साली त्यांनी स्वखर्चाने ५०० संच काढले. पुढे हे गृहस्थ टपाल खात्यात पत्रे वाटण्याची नोकरी करू लागले, आणि त्यांचा खेळही १९६३ पासून टपालाने खेळला जाऊ लागला, हा योगायोग मोठा गमतीचा.

नियम थोडक्यात असे. नकाशावर ३४ केंद्रे आहेत. त्यांपैकी १८ मिळविणारा जिंकतो. प्रत्येक केंद्रावर एक सैन्य किंवा एक आरमार पोसता येते. आरंभी रशियाकडे ४ दले, तर इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि तुर्कस्तान यांच्याकडे प्रत्येकी ३ असतात. उरलेली १२ केंद्रे कोणाचीच नसतात. वर्षात वसंत आणि शरद अशा दोन चाली. सर्वांनी आपल्या आज्ञा गुप्तपणे कागदावर लिहायच्या आणि त्या एकाच वेळी उघडायच्या. सर्व दलांचे बळ सारखेच असल्याने दोन दले एकाच जागी निघाली की दोन्ही जागच्या जागी राहतात. समोरच्याला हटवायचे तर दुसऱ्या दलाचा पाठिंबा हवा, आणि तीन-चार दलांच्या राष्ट्राला तो बहुधा शेजाऱ्याकडेच मागावा लागतो. ‘बाहेरून पाठिंबा’ म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नसावी. येथे तो ऐन वेळी मिळाला नाही, तर दाद मागायला कोणी नसते.

हा खोटे बोलण्याचा खेळ आहे, अशी नवख्याची समजूत होते आणि तो पहिल्याच वर्षी दोन शेजाऱ्यांना एकच केंद्र देऊ करतो. ते दोघे आपापसांत बोलतात, थाप उघडी पडते आणि उरलेला डाव त्याला एकट्याने लढावा लागतो. प्रस्तुत लेखकाच्या मते येथे शब्द हेच भांडवल आहे. दगा द्यावा लागतो, हे खरे. पण ज्याचा शब्द आजवर खरा ठरला, त्याच्याच दग्याला किंमत येते.

पहिल्या चालीपूर्वी सहाही जणांशी बोलावे. दूरच्या राष्ट्राशी बोलून काय साधणार, असे वाटते; परंतु ऑस्ट्रियाने जर्मनीशी गोडीने बोलून ठेवले नाही, तर रशिया वॉर्सातून गॅलिशियात उतरताना त्याला मागे खेचायला कोणी उरत नाही. ऑस्ट्रियाची स्थिती तर सर्वांत नाजूक. त्याचे ट्रिएस्ते आणि इटलीचे व्हेनिस ही केंद्रे एकमेकांना लागून आहेत, म्हणून या दोघांनी पहिल्याच बैठकीत मिटवून घ्यावे. ते भांडले की फायदा तुर्कस्तान आणि रशिया यांचा होतो.

करार करताना मोघम बोलू नये. ‘आपण मैत्री राखू’ या वाक्यावर पटावरचे एकही दल हलत नाही. ‘वसंतात काळ्या समुद्रात आपण दोघेही आरमार पाठवू, दोन्ही अडतील आणि समुद्र रिकामा राहील’ हा खरा करार. तो पाळला की नाही हे पाच मिनिटांत कळते. फ्रान्स आणि जर्मनी बर्गंडीबाबत, तर इंग्लंड आणि फ्रान्स इंग्लिश खाडीबाबत असाच समझोता करू शकतात. असे दोन-तीन छोटे शब्द पाळले गेले, की मोठ्या शब्दावर विसंबता येते.

युतीची परीक्षा भूगोलावर घ्यावी. दोघांची दले एकमेकांकडे पाठ करून बाहेर सरकत असतील तर युती टिकते. दोघांच्या सीमेवर ‘केवळ सावधगिरी म्हणून’ एखादे दल रेंगाळत असेल तर तिचे दिवस भरले, असे खुशाल समजावे. रशिया-तुर्कस्तान युतीला इंग्रजी खेळाडू ‘जगरनॉट’ म्हणतात. हा शब्द पुरीच्या जगन्नाथाच्या रथावरून तिकडे गेला आहे आणि त्या युतीचा रेटाही तसाच असतो. तुर्कस्तानची पाठ मात्र कोपऱ्याला टेकलेली आणि रशियाची उघडी. तेव्हा रशियाने सहकाऱ्याला सैन्याऐवजी आरमारे बांधायला लावावीत आणि ती भूमध्य समुद्रात पश्चिमेकडे जातील असे पाहावे; तेथून ती सेव्हास्तोपोलवर लवकर परतू शकत नाहीत. युतीत एकालाच सगळी केंद्रे मिळू लागली, तर दुसऱ्याने वेळीच तक्रार करावी. मनात ठेवलेली तक्रारच पुढे दगा होऊन बाहेर पडते.

दग्याचा हिशेब आकड्यांत करावा. एका केंद्रासाठी युती मोडणे हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार आहे: प्रतिपक्ष जिवंत राहतो, चिडतो आणि प्रसंगी आपली केंद्रे तिसऱ्याच्या घशात घालून सूड उगवतो. एका फटक्यात दोन-तीन केंद्रे मिळत असतील आणि समोरच्याला सावरता येणार नसेल, तरच विचार करावा. वेळ शरदाची. केंद्रांची मोजणी शरदाच्या चालीनंतर होते, त्यामुळे आपली दले वाढतात आणि त्याची तेव्हाच घटतात. वसंतात घाव घातला तर गमावलेले परत घ्यायला त्याच्या हाती आणखी एक चाल उरते.

समोरचा दगा देणार हे ओळखता येते का? अमेरिकेतील काही संशोधकांनी इंटरनेटवर खेळल्या गेलेल्या डावांतील संदेश तपासून २०१५ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. दग्यापूर्वी दगा देणारा अधिक आर्जवी होतो, तर पुढील बेत उत्साहाने आखत बसणारा बहुधा बळी ठरतो, असे त्यांना आढळले. आपल्या सूचना सहकारी सारख्याच गोडव्याने मान्य करीत असेल, स्वतः काही मागत नसेल, तर नकाशाकडे पुन्हा एकदा पाहावे. २०२२ मध्ये मेटा कंपनीच्या ‘सिसेरो’ या संगणक प्रणालीने ४० डावांत मानवी खेळाडूंशी वाटाघाटी केल्या आणि एकाहून अधिक डाव खेळलेल्यांत ती वरच्या दहा टक्क्यांत आली. शक्यतो खरे बोलावे अशीच तिची घडण होती. तरीही तिच्या संभाषणांत फसवणुकीची उदाहरणे आढळल्याचे २०२४ मध्ये अन्य अभ्यासकांनी दाखवून दिले.

दगा झालाच तर त्रागा करू नये. पुढच्याच चालीपूर्वी दगाबाजाच्या इतर शेजाऱ्यांकडे जावे. आता तो फुगला आहे हे त्यांनाही दिसत असते. दोन दलांचे राष्ट्रही मोक्याच्या जागी पाठिंबा देऊन डाव फिरवू शकते. कोणालाच १८ केंद्रे मिळत नाहीत असे दिसल्यावर उरलेले खेळाडू बरोबरी मान्य करतात आणि तीत लहानाचाही वाटा असतो.

आज्ञा लिहिताना मात्र घाई नको. चुकीच्या आज्ञेचे दल जागीच उभे राहते. काही मुरब्बी खेळाडू अशी चूक हेतुपुरस्सर करतात आणि ‘पाठिंबा लिहिला होता हो, नाव चुकले’ म्हणून हळहळतात. एकदा माफ करावे.

पूर्ण डावाला सहा-सात तास सहज लागतात. रविवारची दुपार मोकळी ठेवून बसणाऱ्या नव्या मंडळींनी कधी थांबायचे हे आधी ठरवावे, पण ते घड्याळावर सोडावे, खेळातल्या वर्षावर नव्हे. अखेरचे वर्ष आधीच जाहीर असले, की त्या शरदात सगळे करार एकदम मोडतात.