चिमूटभर मिठाचा हिशेब



मागे एकदा बचत गटाच्या बैठकीत आम्ही सहज विचारलं होतं, "तुमच्यापैकी कर कोण कोण भरतं?" एकीनेच हात वर केला, तोही अर्धवट. तिच्या घराची घरपट्टी तिच्या नावावर येते म्हणून. बाकीच्या हसल्या. "आम्हाला कुठला आलाय कर? तो नोकरीवाल्यांना, शेठजींना." थोड्या वेळाने गावच्या रस्त्याचा विषय निघाला. ग्रामसभेत जाऊन विचारायचं ठरत होतं, तेवढ्यात एक काकू म्हणाल्या, "आपण कोणत्या तोंडाने विचारणार? पैसे भरणारे वेगळे, आपण घेणारे."

काकूंचं ते वाक्य आमच्या मनातून जाईना. कारण त्या घरून निघताना दुकानातून साबणाची वडी आणि चहाची पुडी घेऊन आल्या होत्या, मोबाइलचा रिचार्ज करून आल्या होत्या. तिन्हींवर त्यांनी कर भरला होता. फक्त तो त्यांना दिसला नव्हता.

दिसणारा कर आणि न दिसणारा कर. आजचं बोलणं याच्यावर. आणि ते समजून घ्यायला स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीइतकी चांगली जागा नाही.

इंग्रजांच्या आधीही मिठावर कर होते. पण कंपनी सरकारने त्याला वेगळंच रूप दिलं. १८४४ साली मुंबई इलाख्यात मिठावरचा कर मणाला आठ आण्यांवरून एकदम एक रुपया झाला. सुरतेत लोक रस्त्यावर उतरले, दंगल झाली आणि सरकारला तो बारा आण्यांवर आणावा लागला. उत्तर हिंदुस्थानात तर स्वस्त मीठ चोरून येऊ नये म्हणून सरकारने चक्क काटेरी कुंपण घातलं. सिंधू नदीपासून महानदीकडे जाणारी ती जकातीची रेषा, तिचा मोठा भाग जिवंत आणि वाळक्या काट्यांचा. ती आपल्या खानदेशाशेजारच्या बऱ्हाणपुरावरून जायची. पहाऱ्याला सुमारे बारा हजार माणसं! मिठासाठी एवढा पहारा. १८७९ साली ती रेषा उठली, कारण सगळीकडचा कर जवळजवळ सारखा झाला आणि चोरून आणण्यात फायदा उरला नाही. काटे गेले, कर राहिला.

१८८२ च्या कायद्याने मीठ करणं आणि विकणं सरकारच्या मुठीत आलं. समुद्राचं पाणी कोकणच्या दारात, ऊन वरून फुकट. तरी परवानगीवाचून मीठ केलं की गुन्हा. १८८८ साली कर अडीच रुपये मण झाला. आता जुन्या मापांचा हिशेब करू. एक मण म्हणजे चाळीस शेर. अडीच रुपये म्हणजे चाळीस आणे. म्हणजे शेरामागे बरोबर एक आणा. मीठ तयार करायला जो खर्च यायचा, त्याच्या कित्येक पट हा कर होता.

मग एवढा कर लोकांच्या गळी उतरवायचा कसा? इथे सरकारची भाषा ऐकण्यासारखी आहे. पहिलं म्हणणं असं, की थोडासाच तर आहे. माणशी वर्षाला काही आणे, तेही चिमटी-चिमटीने जातात, कुणाला जाणवतही नाहीत. दुसरं असं, की मीठ सगळेच खातात, म्हणजे कर सगळ्यांना सारखा. तिसरं म्हणणं १८६९ साली भारतमंत्री ड्यूक ऑफ अर्गाइल यांनीच लिहून ठेवलं होतं. त्याचा मथितार्थ असा, की सामान्य जनतेपर्यंत थेट करांनी पोचता येत नाही. त्यांनीही राज्यखर्चाला हातभार लावायचा असेल तर मिठासारख्या वस्तूवरच कर हवा.

ऐकायला तिन्ही म्हणणी पटण्यासारखी वाटतात. पण जरा जमाखर्च मांडून बघू.

गांधीजींनी २ मार्च १९३० रोजी व्हाइसरॉय आयर्विन यांना जे पत्र लिहिलं, त्यात एक हिशेब होता. व्हाइसरॉयचा पगार महिन्याला २१ हजार रुपये, म्हणजे दिवसाला ७०० रुपयांच्या वर. आणि हिंदी माणसाचं सरासरी उत्पन्न दिवसाला दोन आण्यांपेक्षा कमी. त्या वर्षी मिठावरचा कर होता सव्वा रुपया मण, म्हणजे शेराला अर्धा आणा. माणशी वर्षाला सहा शेर मीठ धरलं तर कर झाला तीन आणे. सरासरी माणसाची ती दीड दिवसाची कमाई. आणि व्हाइसरॉयची? दिवस-रात्रीचे चोवीस तास धरले तरी अर्ध्या मिनिटाचीही नाही.

मैत्रिणींनो, हीच ती "सारखेपणा"ची गोम. रक्कम सारखी, ओझं सारखं नाही. उलट उन्हात राबणारीच्या अंगातून घामावाटे मीठ जातं, तिला जेवणात मीठ जास्त लागतं. कोकणातल्या कोळणीला मासळी खारवायला लागतं. गोठ्यातल्या गुरांना लागतं. ज्यांच्या जेवणात भाकरीबरोबर मीठ-मिरचीच असते, त्यांच्या ताटातला मोठा भाग करपात्र. ज्याच्या ताटात चार पक्वान्नं, त्याला मिठाचा भाव ठाऊकही नसतो.

आणि थेट कर घेता येत नाही म्हणावं, तर तोही खरा नव्हता. प्राप्तिकर देशात होताच. १८८६ च्या कायद्याने वर्षाला ५०० रुपयांच्या वर मिळकत असणाऱ्यांना तो लागू झाला. पण दर किती? दोन हजारांच्या वर मिळवणाऱ्याला रुपयाला पाच पै. एका रुपयात १९२ पै असत, म्हणजे शंभराला अडीच रुपयांच्या आसपास. आणि शेतजमिनीच्या उत्पन्नाला तो लागूच नव्हता, त्यामुळे मोठे जमीनदारही सुटले. गरिबाने हातभार लावायला हवा हे सरकार मोठ्याने सांगे. श्रीमंताने किती लावावा, हे मात्र हळू आवाजात.

आपल्याकडच्या एका माणसाने हे आकड्यांनी दाखवून दिलं, ते गोपाळ कृष्ण गोखले. १८९० च्या काँग्रेस अधिवेशनात ते मिठाच्या करावर बोलले. १९०२ साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिलं भाषण केलं. सरकार शिल्लक दाखवून पाठ थोपटून घेत होतं. गोखल्यांचं म्हणणं होतं, की प्रजा हलाखीत असताना तिजोरीत पैसा उरतो, ही भरभराट नव्हे, गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याची खूण आहे. कर कमी करा, लोक मीठ जास्त खातील, असंही ते सांगत. १९०३ साली कर दोन रुपयांवर आला, १९०५ साली दीडवर, १९०७ साली एक रुपयावर. आरडाओरडा नाही, मोर्चा नाही, नुसता हिशेब. त्याचीही ताकद असते.

पण ती ताकद पुरत नाही, हे १९२३ साली दिसलं. सरकारला तूट आली आणि मिठाचा कर दुप्पट, पुन्हा अडीच रुपये करायचं ठरलं. निवडून आलेल्या सभासदांनी कायदेमंडळात नकार दिला. व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग यांनी आपला खास अधिकार वापरून तो लादला. पुढच्या वर्षी तो खाली आला खरा, पण लोकांना कळायचं ते कळलं: आपल्या जेवणातल्या मिठाचा भाव आपण ठरवत नाही.

गांधीजींनी १९३० साली मीठ निवडलं, तेव्हा त्यांच्या जवळच्या लोकांनाही ते चमत्कारिक वाटलं. आयर्विन यांनी तर लिहिलं, की या मिठाच्या मोहिमेने आपली झोप उडालेली नाही. शेतसाऱ्याचं ओझं मिठापेक्षा मोठं होतं, मग मीठच का? आम्हाला त्याचं उत्तर असं दिसतं. शेतसारा म्हटला की जमीनदार आणि कूळ वेगळे पडतात. मीठ म्हटलं की कुणी वेगळं पडत नाही. हिंदू-मुसलमान, शहर-खेडं, सगळे एका ओळीत. आणि कुणाही हिंदी धनिकाच्या खिशाला त्याने हात लागत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. घोषणा सरकारची असो की चळवळीची, ती काहीतरी पुढे आणते आणि काहीतरी मागे ठेवते.

पण चळवळीने एक मोठं काम केलं. जो कर चिमटीचिमटीने, न दिसता जात होता, तो तिने उघड्यावर आणला. ६ एप्रिल १९३० ला दांडीच्या किनाऱ्यावर मूठभर मीठ उचललं गेलं आणि घराघरातल्या बाईला कळलं, की आपण रोज आमटीत कर घालतो.

गंमत बघा, साबरमतीहून निघालेल्या त्या ७८ जणांत एकही बाई नव्हती. बायकांना पुढे केलं तर इंग्रज हात उगारणार नाहीत, तो भित्रेपणा दिसेल, असं गांधीजींना वाटत होतं. बायकांनी दारूच्या आणि परदेशी कापडाच्या दुकानांपुढे निदर्शनं करावीत, असा त्यांचा आग्रह होता. कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी हे मानलं नाही. त्या गांधीजींशी बोलल्या आणि मिठाचा मार्ग बायकांना मोकळा करून घेतला. मुंबईत चौपाटीवर त्यांनी आणि हिंद महिला समाजाच्या अवंतिकाबाई गोखले यांनी चुली मांडून समुद्राच्या पाण्याचं मीठ केलं. कमलादेवींनी त्या मिठाच्या पुड्या मुंबईच्या शेअर बाजारात नेऊन विकल्या. जिथे लाखांचे सौदे व्हायचे तिथे! मे महिन्यात धारासण्याला सरोजिनी नायडू पुढे होत्या. वडाळ्याच्या आणि शिरोड्याच्या मिठागरांवर लोकांनी लाठ्या खाल्ल्या.

एवढं होऊन कर गेला का? नाही. ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात किनाऱ्यावरच्या गावांना स्वतःपुरतं आणि गावात विकण्यापुरतं मीठ गोळा करायची मुभा मिळाली, इतकंच. कर राहिलाच. तो गेला १९४७ साली, हंगामी सरकारात. अर्थमंत्री होते मुस्लिम लीगचे लियाकत अली खान. त्यांनी मिठाचा कर काढला आणि त्याच अंदाजपत्रकात मोठ्या व्यापारी नफ्यावर २५ टक्के कर सुचवला. त्याला गरिबांचं अंदाजपत्रक म्हटलं गेलं. व्यापारी चिडले. काँग्रेसमधल्या अनेकांना वाटलं, की हा आपल्या पाठीराख्या उद्योगपतींवरच नेम आहे. शेवटी नफ्यावरचा दर खाली आला. हेतूबद्दलचा वाद राहू द्या. पण मिठावरचा कर काढायला जितकी वर्षं लागली आणि नफ्यावरचा दर उतरायला जितके दिवस लागले, त्यांची तुलना आपण आपली करावी.

हे सगळं जुनं झालं, असं कुणी म्हणेल. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा सॅनिटरी पॅडवर १२ टक्के कर होता, आणि कुंकू, टिकल्या, बांगड्या करमुक्त. 'लहू का लगान' म्हणत मुंबईतल्या मुलींनी आवाज उठवला. सरकारचं म्हणणं होतं, की आधीचे वेगवेगळे कर मिळून बोजा एवढाच होता, आणि कर पूर्ण काढला तर कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट कारखानदाराला मिळणार नाही. यातलं वजावटीचं म्हणणं खरं आहे. म्हणूनच कर शून्य झाला म्हणजे पाकिटाची किंमत तेवढीच उतरेल, असं नसतं. तरीही बायकांनी विचारत राहिलं, आणि जुलै २०१८ मध्ये तो कर गेला. तज्ज्ञांचं म्हणणं ऐकावं, खरं असेल ते मानावं, आणि आपला प्रश्न सोडू नये.

तेव्हा यापुढे कराबद्दल भाषण कानावर आलं की तीन गोष्टी विचारू या. हा कर रकमेने सारखा आहे की ओझ्याने? "थोडासाच" म्हणतात, तो कुणाच्या किती दिवसांच्या मजुरीएवढा? आणि याच्याऐवजी कुणाकडून घेता आला असता, ज्याचं नाव भाषणात आलंच नाही?

सरकारला पैसा लागतोच. रस्ता, शाळा, दवाखाना त्यातूनच होतो. कर वाईट, असं आम्ही म्हणत नाही. तो कुणाच्या ताटातून उचलला जातो, एवढंच बघायचं.

त्या काकूंना आम्ही पुढच्या बैठकीत दुकानाचं पक्कं बिल आणायला सांगितलं. चष्मा लावून त्यांनी खालच्या ओळी वाचल्या, आकडा बोटावर मोजला, मग वर्षाचा मोजला. काही बोलल्या नाहीत. फक्त निघताना विचारलं, "ग्रामसभा कितवारी आहे गं?"

तुम्हीही या आठवड्यातलं एक बिल जपून ठेवा. पुढच्या वेळी तेच घेऊन बसू.